इलेक्ट्रिक फॅन फिरतोय, तरी लो रेंजमध्ये गाडी तापते

चाकोरीबाहेर

मंडळी, जरा डोकं लावा. गाडी जुनी डिझेल फोर बाय फोर. मूळचा बेल्टवर फिरणारा व्हिस्कस क्लचचा (गरम झाल्यावरच पकड घेणाऱ्या क्लचचा) पंखा आधीच्या मालकाने काढून टाकला आणि त्या जागी रेडिएटरच्या मागून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, १६ इंची इलेक्ट्रिक फॅन लावला. साध्या रस्त्यावर गाडी कितीही दामटा, काटा मधल्या खुणेवर ठाम. पण लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जोरकस गिअर) टाकून दगडांतून किंवा वाळूतून सावकाश चढायला लागलो की थोड्याच वेळात काटा वर सरकतो. थांबून बॉनेट उघडतो तर फॅन मस्त फिरत असतो, आवाजही येतो.

आतापर्यंत थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) नवा, रेडिएटरची कॅप नवी, कूलंट बदलून झालं. एसी बंदच ठेवतो. वरच्या होजवर (रेडिएटरच्या रबरी नळीवर) इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर १०८ अंश दाखवतो. आता मोठा फॅन घ्यावा की दोन छोटे, एवढाच प्रश्न आहे.

काजळी

थर्मोस्टॅट काढूनच टाका. पाणी मोकळं फिरू द्या. आमच्याकडे सगळे तेच करतात.

पानेमास्तर

काजळी, हा उपाय सगळे करतात, म्हणूनच सगळ्यांच्या गाड्या धूर सोडतात. थर्मोस्टॅट गरम इंजिनात पूर्ण उघडलेलाच असतो. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो आणि आणखी दहा-बारा अंशांत पुरता उघडतो. १०८ वर तो बंद असेल तर तो बिघडलाय, मग बदला. पण नवा घातलाय म्हणतात. काढून टाकला तर थंड हवेत इंजिन कधीच नीट तापणार नाही. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते. तिथे तो काढलात तर बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

चाकोरीबाहेर, तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. वेगात थंड आणि हळू चालताना गरम, म्हणजे पाणी फिरतंय, रेडिएटर उष्णता टाकतोय, कमी पडतेय ती हवा. वेगात गाडी स्वतःच हवा रेडिएटरमधून ढकलते, फॅनची गरजही नसते. उलटं असतं, म्हणजे थांबल्यावर ठीक आणि वेगात गरम, तर मी रेडिएटरच्या नळ्या, पंप आणि दबून बसणारी खालची होज यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

मोठा फॅन घेण्याआधी आहे तो काय करतो ते बघा. आणि गरम इंजिनाची कॅप उघडू नका. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या जवळपास उकळतं. कॅपच्या दाबाखाली ते सव्वाशेच्या पुढेही शांत असतं, पण दाब सुटला की त्याच क्षणी उकळून अंगावर येतं.

भोवरा

फॅन कुठल्या दिशेला हवा फेकतोय ते पाहिलं का? डीसी मोटर आहे, दोन वायरी उलट्या लागल्या तर ती आनंदाने उलटी फिरते. आवाज तोच, वारा उलटा. गाडी उभी असताना ग्रिलसमोर कागद धरा. कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

आणखी एक. काही लोक पुढून ढकलणारा फॅन मागे लावतात आणि वायरी उलटवून काम भागवतात. पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी केलेला असतो. उलटं फिरवलं तर हवा जाते, पण बरीच कमी. ज्या फॅनला पातं उलटं बसवायची सोय आहे त्यात पातंही उलटवायचं आणि वायरीही.

चाकोरीबाहेर

कागद चिकटतो. घट्ट म्हणता येणार नाही, पण चिकटतो. पात्यांचा बाक बरोबर वाटतोय. श्राउड (फॅनभोवतीचं, पूर्ण जाळी झाकणारं आवरण) नाहीये, फॅन थेट रेडिएटरच्या जाळीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलाय, त्या पट्ट्या जाळीतून आरपार गेल्यात.

पानेमास्तर

अरे देवा. त्या पट्ट्या पहिल्यांदा काढा. रस्त्यावरच्या गाडीत चालून जातील, पण दगडांत गाडी हादरते, फॅनचं वजन त्या पट्ट्यांवर झुलतं आणि पट्टी रेडिएटरच्या नळीला हळूहळू कापत जाते. आज तापतेय, उद्या गळेल. दोन आडव्या पट्ट्या रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट करून फॅन त्यांच्यावर घ्या.

श्राउड नसणं हाही मोठा मुद्दा. १६ इंची वर्तुळ जेवढ्या जाळीवर बसलंय तेवढ्यातूनच हवा ओढली जातेय. चारही कोपरे कोरडे. श्राउड लावून फॅन जाळीपासून दोन इंच मागे घेतला की तोच फॅन पूर्ण जाळीतून ओढतो.

लो_रेंज

मी वेगळंच विचारतो. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारून पाहिलं का? चिखलाच्या गाड्यांत तिथे गवताच्या काड्या, बिया, वाळलेला गाळ यांची गादी तयार होते. पुढून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून रेडिएटर स्वच्छ दिसतो, आणि मधे सगळा कचरा. लोक प्रेशर वॉशर पुढून मारतात, त्याने कचरा आणखी आत ठासला जातो आणि पत्र्याच्या फिन्स आडव्या होतात त्या वेगळ्याच.

रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो थोडा मागे कलवायचा आणि इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या नळीने, कमी दाबाने धुवायचं. चिकट असेल तर आधी भिजत ठेवा. पलीकडून पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही.

शिळोप्याचा

हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेली असणार. माझ्या मेहुण्याच्या गाडीला असंच झालं होतं.

पानेमास्तर

गॅस्केट गेली असती तर वेगातही कधीतरी त्रास दिला असता. तरी शंका फेडायला सोपं आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत होज दगडासारखी कडक होते का? टाकीत सतत बुडबुडे येतात का? कूलंट कुठे न गळता कमी होतंय का? ज्वलनाचा वायू ओळखणारं निळं द्रावण मिळतं, वायू कूलंटमध्ये असेल तर ते पिवळं पडतं. डिझेलमध्ये हा रंग जरा सावकाश बदलतो, इंजिनावर थोडा भार देऊन बघावं. यातलं काहीच नसेल तर मेहुण्यांची गाडी मेहुण्यांकडेच राहू द्या.

चाकोरीबाहेर

होज थंडीत मऊ, बुडबुडे नाहीत, पातळी कायम. फटीत टॉर्च मारली, वरून स्वच्छ दिसतंय, खाली नजर पोचत नाही. रेडिएटर कलवायला सवड लागेल.

तारायंत्र

सगळ्यांनी हवेचं सांगितलं, विजेचं कोणीच विचारलं नाही. फॅन फिरतो हे दिसतंय. किती जोरात फिरतोय हे डोळ्यांना कळत नाही. १६ इंची फॅन दहा व्होल्टवर फिरला तरी बॉनेट उघडणाऱ्याला तो ‘मस्त’च वाटतो. कागद घट्ट चिकटत नाही हे तुम्ही लिहिलंत तिथेच माझा कान टवकारला.

मल्टीमीटर काढा. इंजिन चालू, फॅन चालू, हेडलाइट चालू. चालू असतानाच मोजायचं, हे महत्त्वाचं. चार ठिकाणी मोजा:

बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट.
फॅनच्या स्वतःच्या दोन टोकांवर किती. प्लग काढायचा नाही, मागून पिन टोचायची.
लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी फॅनच्या प्लसवर.
लाल पिन फॅनच्या मायनसवर, काळी बॅटरीच्या मायनसवर. बॉडीवर नाही, बॅटरीवरच.

शेवटच्या दोन मोजमापांत जे व्होल्ट दिसतील ते वाटेत हरवलेले व्होल्ट. प्रत्येक बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. जमलं तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणून फॅनचा करंटही लिहा. साधा क्लॅम्प फक्त एसी करंट, म्हणजे घरातल्या विजेसारखा, मोजतो, तो इथे उपयोगाचा नाही.

काजळी

एवढं कशाला? टेस्ट लॅम्प लावा, पेटला म्हणजे सप्लाय आहे.

तारायंत्र

टेस्ट लॅम्पचा छोटा बल्ब अर्धा अँपिअरही ओढत नाही. सडलेला जोड अर्धा अँपिअर सुखाने सोडतो, वीस मागितले की कोसळतो. म्हणून प्लग काढून मोजलं तर १३ व्होल्ट दिसतात आणि प्लग लावला की १०. पाण्याची नळी चिमटली असताना तोटी बंद ठेवून दाब मोजला तर तो पुरा दिसतो, तोटी उघडल्यावर धार पडत नाही, तसंच. याच कारणासाठी ओहम मोजूनही काही हाती लागत नाही. ०.१ ओहमचा जोड साधा मीटर शून्यच दाखवेल, पण वीस अँपिअरला तोच जोड दोन व्होल्ट खातो.

भोवरा

आलटरनेटरकडेही (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडेही) लक्ष ठेवा. लो रेंजमध्ये इंजिन आयडलच्या जरा वर असतं, त्या फेऱ्यांना आलटरनेटर पूर्ण करंट देऊ शकत नाही. त्यात फॅन, हेडलाइट, वर छपरावरची लाइटबार. बॅटरीवरच १२ च्या खाली दिसलं तर वायरिंगला दोष देण्यात अर्थ नाही. लाइटबार बंद करून फरक पडतो का तेही बघा.

चाकोरीबाहेर

मोजलं. लाइटबार बंद, हेडलाइट चालू, आयडलच्या थोड्या वर.

बॅटरीवर १३.६.
फॅनवर १०.१.
प्लसच्या बाजूला १.२ हरवतात.
मायनसच्या बाजूला २.३.
फॅनचा करंट २० अँपिअर.

हे बघून गार झालो. इंजिन सोडून मीच.

तारायंत्र

बेरीज जुळतेय, म्हणजे मोजमाप नीट आहे. आता हिशेब बघा. मोटरला मिळतायत १०.१ गुणिले २०, म्हणजे २०० वॅट. मायनसच्या बाजूला २.३ गुणिले २० म्हणजे ४६ वॅट नुसते तापण्यात जातायत, तेही बहुधा एकाच जोडात. फॅन चालू असताना तो जोड सावधपणे चाचपून बघा, चटका बसेल.

प्लसच्या बाजूला बहुतेक दोन गोष्टी असतील, वायर बारीक आणि रिलेचं (छोट्या करंटने मोठा करंट चालूबंद करणाऱ्या स्विचचं) सॉकेट भाजलेलं. वायर किती जाड आहे आणि बॅटरीपासून फॅनपर्यंत किती लांब, ते सांगा. तांब्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर वायरीचा दर मीटरला साधारण ०.०१७५ ओहम. जाडीने भागा, लांबीने गुणा, करंटने गुणा. मिळाले व्होल्ट.

चाकोरीबाहेर

प्लसची वायर अडीच चौरस मिलिमीटर, लांबी तीन मीटर. हिशेबाने ०.४२ व्होल्ट येतात. म्हणजे बाकीचे पाऊण व्होल्ट रिले, फ्यूज आणि जोडांत?

रिले काढून पाहिला. सॉकेटमध्ये ८७ क्रमांकाच्या खोबणीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलंय, पत्र्याची पकड ढिली. मायनसची वायर दीड चौरस मिलिमीटर, जेमतेम अर्धा मीटर, आणि ती मडगार्डच्या आतल्या पत्र्याला स्क्रूने लावलीये. पत्रा रंगवलेला. रंग खरवडलेला नाही, फक्त स्क्रूच्या आट्यांतून काय संपर्क होईल तो. त्यावर गंजही चढलाय.

तारायंत्र

मिळाला. अर्धा मीटर दीडची वायर २० अँपिअरला ०.१२ व्होल्ट खाते, म्हणजे ती निर्दोष आहे. दोन व्होल्टच्या वर तो स्क्रू खातोय. वायर जाड करून त्याच स्क्रूला लावली असती तर काहीही बदललं नसतं.

माझा सल्ला:

मायनस थेट बॅटरीच्या मायनसला किंवा इंजिन ब्लॉकला न्या. पत्र्यावरच लावायची असेल तर रंग घासून चमकता पत्रा काढा, बोल्ट-नट-स्टार वॉशर लावा आणि वरून ग्रीस चोपडा. स्क्रू नको.

दोन्ही वायरी सहा चौरस मिलिमीटरच्या घ्या. लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबा, हातोड्याने ठोकू नका.

रिलेचं सॉकेट बदला. सॉकेट तसंच ठेवून नवा रिले घातलात तर तोही तसाच भाजेल. ४० अँपिअरचा रिले आणि तेवढा करंट सोसणारं सॉकेट. ३० आणि ८७ मुख्य करंटसाठी, ८५ आणि ८६ कॉइलसाठी. कॉइलचा रोध बारा व्होल्टच्या रिलेत साधारण ५० ते १०० ओहम असतो, तिला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, त्यामुळे तिच्या वायरी बारीक चालतात.

आणि फ्यूजकडे बघा. कितीचा आहे?

चाकोरीबाहेर

३०.

तारायंत्र

तो आता उडू शकतो, आधीच सांगून ठेवतो. फॅनला पुरे व्होल्ट मिळाले की तो जोरात फिरेल, जास्त हवा ढकलेल आणि जास्त करंट ओढेल. दहा व्होल्टला २० ओढणारा फॅन तेराला ३० च्या जवळ जाईल. सतत चालणाऱ्या भाराला फ्यूजच्या पंच्याहत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. सहाची वायर असेल तर ४० चा फ्यूज बसतो. पण आधी वायर, मग फ्यूज. जुन्या अडीचच्या वायरीवर ४० चा फ्यूज घालून मोकळे होऊ नका. फ्यूज वायरीला आगीपासून वाचवण्यासाठी असतो, फॅनसाठी नाही. आणि तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, एक फुटाच्या आत असला तर छान.

लो_रेंज

दंडवत, तारायंत्र. तरी मी माझ्या कचऱ्याच्या मुद्द्यावर ठाम आहे. वीज नीट झाली तरी रेडिएटर कलवाच.

वाटाड्या

वाचतोय. थोडं अवांतर: माझा फॅन थर्मोस्विचवर आहे. तो जाळीत खुपसायच्या सळईचा आहे, तिच्यावर फिरवायची खुंटी. कधी लवकर लागतो कधी उशिरा. हा प्रकार चांगला की वाईट?

पानेमास्तर

वाटाड्या, वाईट म्हणणार नाही, बेभरवशाचा म्हणेन. सळई फिन्सच्या फटीत असते, म्हणजे ती कूलंट मोजत नाही, फिनचा पत्रा आणि त्यावरून जाणारी हवा यांचं मधलंच काहीतरी मोजते. सळईची जागा दोन बोटं सरकली की आकडा बदलतो, हादऱ्याने ती बाहेर येते. ती रेडिएटरच्या थंड बाजूला, बाहेर पडणाऱ्या पाण्याजवळ खुपसली असेल तर फॅन फार उशिरा लागतो.

आट्यांचा थर्मोस्विच घ्या आणि वरच्या होजमधल्या जोडतुकड्यात बसवा. त्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ९५-८५. ९५ ला फॅन लागतो, ८५ ला बंद होतो. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर रिले सारखा टकटक करत बसेल. फक्त बंद व्हायचा आकडा थर्मोस्टॅटच्या उघडण्याच्या आकड्यापेक्षा वर हवा. थर्मोस्टॅट ८८ चा आणि स्विच ८५ ला बंद होणारा असेल तर फॅन कधी बंदच होणार नाही, कारण इंजिन तेवढं थंड होऊच शकत नाही. जोडतुकडा रबरी होजमध्ये एकटा लटकत असतो, म्हणून एकाच टोकाच्या स्विचसाठी त्या तुकड्यालाही अर्थिंग, म्हणजे मायनस, द्यावं लागतं, हे लोक विसरतात.

चाकोरीबाहेर

काम झालं. सहाच्या दोन वायरी, मायनस थेट बॅटरीला, नवं सॉकेट, ४० चा फ्यूज. आता बॅटरीवर १३.५, फॅनवर १३.०. करंट २९. फॅनचा आवाजच वेगळा आहे, आधी गुणगुणायचा, आता गर्जतो. कागद ग्रिलवर फटकन बसतो आणि ओढूनही सुटत नाही.

तारायंत्र, तुमचा हिशेब लावला तर २०० वॅटचे ३७७ झाले. म्हणजे मोटर निम्म्या ताकदीवरच होती.

त्याच चढावर गेलो. काटा वर सरकला, पण आधीपेक्षा बराच उशिरा, आणि लाल पट्टीच्या आधी थांबला. वरची होज १०१. सुधारणा आहे, पण मूळचा मालक म्हणायचा की काटा हलायचाच नाही.

भोवरा

इन्फ्रारेडवर एक टीप. चमकत्या अॅल्युमिनियमवर किंवा पितळेवर तो खोटं बोलतो, बऱ्याचदा खूप कमी दाखवतो. काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर नेम धरा. रबरी होजवर चालतो, पण रबराबाहेरचा आकडा आतल्या पाण्यापेक्षा कमीच असतो.

लो_रेंज

कलवा.

चाकोरीबाहेर

कलवला. लो_रेंज, तुमचं म्हणणं खरं निघालं. खालच्या एक तृतीयांश भागात फट पूर्ण बुजलेली, वाळलेला चिखल आणि गवत यांची पोळी. वरून टॉर्चने दिसणं शक्यच नव्हतं. भिजवून मागून धुतलं, बराच वेळ लागला. प्लास्टिकच्या पट्ट्याही काढल्या, दोन नळ्यांवर त्यांचे चरे पडलेत, अजून गळत नाहीत. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं श्राउड करून फॅन त्यावर घेतला.

आता चढावर ९४. तिथेच उभा. फॅन लागतो, बंद होतो, पुन्हा लागतो. आधी बंद व्हायचाच नाही.

पानेमास्तर

फॅन बंद होतोय हेच प्रमाणपत्र. जो फॅन एकदा लागला की बंदच होत नाही, तो हरतोय.

श्राउडबद्दल एक सावधगिरी. पूर्ण बंद श्राउड वेगात आडवं येतं. गाडी जोरात असताना हवा फॅनच्या गोलातूनच बाहेर पडू शकते, बाकी जाळीमागे भिंत. कोपऱ्यांत खिडक्या कापा आणि त्यांवर रबराचे पडदे लावा, वरून टांगलेले. फॅन ओढतो तेव्हा पडदे चिकटून बंद होतात, वेगाची हवा आली की उघडतात. रबर पातळ हवं, जाड टायरट्यूबचं उघडत नाही.

चाकोरीबाहेर

हे बरं सांगितलंत. कालच मोकळ्या रस्त्यावर काटा नेहमीपेक्षा किंचित वर वाटला, मी दुर्लक्ष करणार होतो. पडदे करतो.

पुढचा प्रश्न. ओढ्यातून जाताना फॅनचं काय करायचं? आधी तो लंगडा होता, आता पूर्ण ताकदीचा आहे.

लो_रेंज

बंद करायचा. पाण्यात फॅन फिरला की दोनपैकी एक होतं. पातं पाण्याला रेटताना पुढे वाकतं आणि रेडिएटरच्या जाळीत गोल चरे पाडतं. किंवा मोटर अडते, करंट दुप्पट-तिप्पट होतो आणि फ्यूज जातो. फ्यूज पाण्यात गेला की कळत नाही, पुढच्या चढावर कळतं. बॉनेटसमोर ताडपत्री बांधली तर पाणी फॅनपर्यंत कमी येतं, पण ओढा पार झाल्यावर काढायला विसरू नका, तीच हवाही अडवते.

पाण्यात शिरण्याआधी इंजिन तापलेलं असेल तर दोन मिनिटं थांबून काटा खाली येऊ द्या. लालभडक इंजिनावर गार पाणी म्हणजे दुसरंच दुखणं.

तारायंत्र

बंद करायचा स्विच डॅशबोर्डवर द्या, पण मुख्य वायरीत नको. २९ अँपिअर डॅशबोर्डच्या स्विचमधून नेऊ नका, स्विच वितळेल. रिलेच्या कॉइलच्या वायरीत घाला, तिथे पाव अँपिअर आहे. तीन स्थितींचा स्विच घ्या: मधे बंद, एका बाजूला आपोआप, दुसऱ्या बाजूला सतत चालू. सतत चालूची गरज लांब चढाआधी पडते, काटा चढायची वाट न बघता फॅन लावून द्यायचा.

फॅन चालू आहे की नाही ते दिसावं म्हणून शेजारी लाल दिवा लावा, आणि तो फॅनच्या प्लसवरून घ्या. म्हणजे फॅनला खरोखर वीज पोचली तरच पेटेल. कॉइलवरून घेतला तर फ्यूज गेला तरी दिवा हसत राहील.

वाटाड्या

माझ्या दुसऱ्या गाडीत फॅन ईसीयू (इंजिनाचा संगणक) चालवतो, आणि तो अजिबात लागत नाही. तिथे कुठून सुरुवात करू? तोच चार ठिकाणी व्होल्ट मोजायचा प्रकार का?

तारायंत्र

अजिबात लागत नसेल तर क्रम वेगळा. आधी एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की ईसीयू फॅन मागतो. त्याने लागला तर मोटर, रिले, फ्यूज ठीक, तापमानाच्या सेन्सरकडे बघा. नाही लागला तर फॅनचा प्लग काढून मोटरला बॅटरीवरून थेट वीज द्या, मधे फ्यूज असलेल्या वायरीने, हात पात्यापासून लांब. फिरली तर मोटर चांगली. नाही फिरली तर हाताने पातं फिरवून बघा, जड फिरत असेल तर बेअरिंग किंवा ब्रश गेले.

मोटर चांगली असेल तर रिले काढा आणि सॉकेटमधल्या ३० व ८७ च्या खोबणी वायरीच्या तुकड्याने जोडा. हा तुकडाही जाड आणि फ्यूजसकट. फॅन लागला तर मुख्य वाट ठीक, रिले किंवा त्याला हुकूम देणारी बाजू बिघडली. मग ८५-८६ मध्ये मोजा, गरम इंजिनात तिथे बारा व्होल्ट येतात का.

सेन्सरसाठी सोपी युक्ती: त्याचा प्लग काढा, इग्निशन चालू करा. बऱ्याच ईसीयू सेन्सर हरवला की घाबरून फॅन पूर्ण लावतात. लावला तर ईसीयू आणि फॅन दोन्ही जिवंत, सेन्सर खोटं बोलतोय. सेन्सर एनटीसी असतो, तापला की रोध घटतो. खोलीच्या तापमानाला साधारण दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. गाडीगणिक आकडा बदलतो, म्हणून पुस्तिका बघा, पण तापवल्यावर रोध घटला पाहिजे हे सगळीकडे.

एक सोडलं. काही गाड्यांत रिलेच नसतो, फॅनला चिकटलेला कंट्रोल मोड्यूल पल्स देऊन वेग कमीजास्त करतो. तिथे वायरीचा तुकडा लावायचा नाही. आणि दोन वेगांच्या जुन्या फॅनमध्ये कमी वेग गायब आणि जास्त वेग चालू असेल तर मधला रेझिस्टर जळलाय, मोटर शोधत बसू नका.

काजळी

बरं, मग थर्मोस्टॅट राहू देतो.

चाकोरीबाहेर

पडदे लावले, तीन स्थितींचा स्विच लावला, लाल दिवा फॅनच्या प्लसवर. मोकळ्या रस्त्यावर काटा पुन्हा मधल्या खुणेवर. दिवा रात्री फार डोळ्यांत जातो, त्यावर टेपचा तुकडा चिकटवलाय. मोठा फॅन घ्यायचा नाही, हे नक्की झालं. चरे पडलेल्या त्या दोन नळ्यांवर मात्र लक्ष ठेवायला हवं. त्यांना आत्ताच झाळून घ्यावं का गळायची वाट बघावी?

पानेमास्तर

अॅल्युमिनियमच्या नळ्या असतील तर हात लावू नका, झाळताना शेजारची उघडते. पितळेच्या असतील तर रेडिएटरवाला झाळू शकतो. आत्ता थंड इंजिनात दाबाचा पंप लावून कॅपवर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरा आणि पंधरा मिनिटं काटा बघा. उतरला नाही तर तसाच चालवा, आणि गाडीत दोन लिटर पाणी जास्तीचं ठेवा.